कांचतंतूचें जाळें आणि पोलादाचा कारखाना

जालना शहराविषयीं मराठवाड्यांत एक जुनी म्हण आहे : 'जालना, सोने का पालना.' ती पडली त्या काळीं या गांवचें वैभव व्यापारउदिमावर उभें होतें. पुढें १९६४ सालीं येथें महिको ही बियाण्यांची कंपनी निघाली आणि बियाण्यांचें गांव म्हणून जालन्याचें नांव देशभर झालें. १ मे १९८१ रोजीं तें जिल्ह्याचें ठिकाण बनलें. आज मात्र जालन्याचें नांव घेतांच प्रथम आठवतें तें पोलाद. येथील औद्योगिक वसाहतींत मालमोटारी भरभरून भंगार येतें, विजेच्या भट्टींत तें वितळतें आणि घरांच्या खांबांत व तुळयांत कायमच्या पुरल्या जाणाऱ्या सळया होऊन बाहेर पडतें. ज्यांनीं जालना कधीं पाहिलें नाहीं अशा किती तरी कुटुंबांच्या डोक्यावरचें छप्पर जालन्याच्या पोलादानें तोलून धरलेलें आहे.

या कारखान्यांत भट्टी डोळ्यांत भरते, रुळांचा गडगडाट कानांत बसतो. परंतु ज्या वस्तूविषयीं हें भाषण आहे ती कोणाच्या डोळ्यांतही भरत नाहीं आणि तिचा आवाजही होत नाहीं. ती एक लहानशी पेटी आहे. तिचें नांव स्विच. घरांतील भिंतीवरचें बटण म्हणजे स्विच, ही ओळखीची समजूत येथें क्षणभर बाजूस ठेवावी लागते. कारखान्यांतील हा स्विच म्हणजे लोखंडी कपाटांत बसवलेली, जाड ग्रंथाएवढी एक पेटी होय. तिच्या दर्शनी भागावर आठ-दहा खांचा असतात व प्रत्येक खांचेशेजारीं एक मिणमिणता हिरवा दिवा असतो. खांचांतून तारा किंवा कांचेचे तंतु येतात. एका तंतूवरून आलेला संदेश कोणासाठीं आहे हें ओळखून तो नेमक्या दुसऱ्या तंतूवर सोडणें, एवढेंच तिचें काम. आगगाडीच्या टपालडब्यांत बसून पत्रें भराभर त्या त्या गांवच्या खणांत टाकणाऱ्या सॉर्टरचें जें काम, तेंच ही पेटी सेकंदाला हजारों वेळां करते.

असल्या टपालाची पोलादाच्या कारखान्याला गरज काय, हें समजण्यासाठीं सळई कशी होते तें थोडक्यांत पाहिलें पाहिजे. भट्टींतून ओतलेल्या पोलादाचा लांबट चौकोनी ठोकळा म्हणजे बिलेट. समजा, तो सहा मीटर लांब असून त्याची प्रत्येक बाजू शंभर मिलिमीटर आहे. एकामागून एक मांडलेल्या रुळांच्या जोड्यांतून हा तापलेला ठोकळा दाबून पुढें नेतात. या जोड्यांना मिलमध्यें स्टँड म्हणतात. प्रत्येक स्टँडमधून पोलाद अधिक बारीक व अधिक लांब होत जातें. अशा एका बिलेटची आठ मिलिमीटर जाडीची सळई केली, तर तिची लांबी सुमारें १,१९० मीटर भरते. म्हणजे एका किलोमीटरहूनही अधिक. पोलाद वाटेंत नाहींसें होत नसल्यामुळें तें जितकें बारीक होईल तितकें त्याला वेगानें पुढें सरकावें लागतें, आणि म्हणून पुढचा प्रत्येक स्टँड मागच्याहून नेमका तितकाच अधिक वेगानें फिरावा लागतो. शेवटच्या स्टँडमधून सळई सेकंदास १५ मीटर वेगानें बाहेर पडते असें धरलें, तर अख्खा बिलेट सुमारें ८० सेकंदांत संपतो. त्या वेळीं सळईचें तपमान हजार अंशांच्या आसपास असतें.

आतां मधल्या एखाद्या स्टँडचा वेग अकस्मात् घटला असें समजावें. मागून येणारें लाल पोलाद थांबत नाहीं. तें जागा सांपडेल तिकडे उसळतें, वेटोळीं घालीत मार्गाबाहेर पडतें आणि त्याच्या आवाक्यांत जो असेल त्याला तें भाजतें. ऑगस्ट २०२४ मध्यें जालन्याच्या एका पोलाद कारखान्यांत भट्टीचा स्फोट होऊन अनेक कामगार जखमी झाले. त्या अपघाताचा प्रस्तुत विषयाशीं संबंध जोडण्याचें कांहीं कारण नाहीं. परंतु तापलेल्या धातूजवळ माणसें पाळीपाळीनें उभीं असतात आणि त्यांचा जीव यंत्रांच्या शिस्तीवर अवलंबून असतो, हें त्या घटनेनें पुन्हां एकदां दाखवून दिलें.

वेगाची ही शिस्त राखण्याचें काम नव्या धर्तीच्या मिलमध्यें नियंत्रक करतो. त्याला पी. एल. सी. या आद्याक्षरांनीं ओळखतात. प्रत्येक स्टँडच्या मोटरला विजेचा बेताबेतानें पुरवठा करणारा एक ड्राइव्ह असतो. नियंत्रक प्रत्येक ड्राइव्हला त्याचा वेग सांगतो, ड्राइव्ह आपला प्रत्यक्ष वेग उलट कळवतो, आणि हा संवाद सेकंदांत अनेक वेळां चालतो. शेवटच्या स्टँडपुढें पाण्याची पेटी असते. सळई तींतून जातांना तिचें बाहेरचें कवच क्षणार्धांत थंड होऊन कठीण बनतें आणि आंतल्या गाभ्याची उष्णता बाहेर येतांना तें कवच पुन्हां कांहींसें मऊ व चिवट होतें. कठीण कवच आणि लवचिक गाभा, हाच या सळईचा गुण. धरणीकंपांत खांब वांकला तरी एकदम तुटूं नये, यासाठीं तो लागतो. आणि ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट ज्या मराठवाड्यानें पाहिली त्याला या गुणाचें महत्त्व सांगावयास नको. पाण्याचा दाब किती असावा, कातरीनें सळई नेमकी कोणत्या क्षणीं कापावी, हेंही याच संदेशांच्या जाळ्यांतून ठरतें. तात्पर्य, ती लहान पेटी थांबली तर नुसते आंकडे थांबत नाहींत; धांवत्या पोलादाचें नियमनच थांबतें.

हें जाळें तांब्याच्या तारांऐवजीं कांचतंतूंचें कां करतात, याचेंही कारण या कारखान्याच्या स्वभावांत आहे. येथील विजेची भट्टी प्रचंड चुंबकीय क्षेत्राच्या बळावर लोखंड वितळवते. शेजारीं मोठमोठ्या मोटरांचे ड्राइव्ह विजेचे लचके तोडीत असतात. अशा वातावरणांत तांब्याच्या तारेंत नको ती वीज उत्पन्न होते आणि संदेश बिघडतात. शिवाय तांब्याच्या तारेवरून हा संवाद एका दमांत १०० मीटरपर्यंतच नेतां येतो. कांचेंत वीज वाहत नाहीं. तिच्यांतून जातो तो प्रकाश, आणि भट्टीच्या चुंबकत्वाचें त्याला सोयरसुतक नसतें. कांचेंतून संदेश दूरवर नेतां येतील हें चार्ल्स काव यांनीं १९६६ सालीं दाखवून दिलें व त्याबद्दल त्यांना २००९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्याआधीं १९५४ सालीं नरिंदरसिंग कपानी या भारतीय शास्त्रज्ञानें हॉपकिन्स यांच्यासह तंतूंच्या जुडींतून चित्र नेऊन दाखवलें होतें. आज हा तंतु जालन्याला परका राहिलेला नाहीं. छत्रपति संभाजीनगरजवळच्या वाळूज व शेंद्रे या औद्योगिक वसाहतींत तो तयार होतो, आणि शेंद्रे तर जालन्याच्या रस्त्यावरच आहे.

असें हें जाळें वर्षानुवर्षें मुकाट्यानें चालतें. परंतु पेटी ही शेवटीं वस्तु आहे. मिलमधील उष्णता, कपाटांत शिरणारी लोखंडाची बारीक धूळ आणि विजेचे धक्के यांनीं तिचें आयुष्य झिजतें. एके दिवशीं तिचे दिवे विझतात किंवा वेडेवांकडे लुकलुकूं लागतात. मग भांडारांतून नवी पेटी येते. बाहेरून ती जुनीसारखीच असते. तितक्याच खांचा, तसेच दिवे. जुन्या पेटींतले तंतु काढून ते नवींत त्याच क्रमानें खोंचले कीं झालें, असें कोणासही वाटावें. दिवा गेला असतां दुसरा बसवतात, पंप जळाला असतां दुसरा बसवतात. मग येथेंच निराळें काय?

निराळेपण असें कीं, जळालेल्या दिव्याला कांहीं ठाऊक नसतें. जुन्या पेटीला पुष्कळ ठाऊक होतें. ज्या अभियंत्यानें तें जाळें प्रथम उभारलें त्यानें तिला एकेक गोष्ट शिकवली होती. तिचा स्वतःचा पत्ता काय, कोणत्या खांचेवर कोण बसलें आहे, कोणाचें बोलणें कोणास ऐकूं जावें व कोणास जाऊं नये, वाट तुटली तर दुसरी कोणती धरावी, घड्याळ कोणाचें मानावें, आंत येणाऱ्याला कोणता परवलीचा शब्द विचारावा, हें सर्व तिच्या स्मरणांत लिहिलेलें होतें. या लेखनालाच कारखान्यांत सेटिंग म्हणतात. नवी पेटी बहुधा कोऱ्या पाटीसारखी येते. पेटी बदलणें हें पांच मिनिटांचें काम आहे. जुन्या पेटीचें ज्ञान नवीला देणें हें खरें काम आहे, आणि पेटी मेल्यावर तें ज्ञान तिच्यापाशीं मागतां येत नाहीं.

या ज्ञानांतील सर्वांत नाजूक भाग वलयाचा. मिलमधील पेट्या एका रांगेंत जोडल्या, तर मधला एक तंतु तुटतांच पलीकडचीं सर्व यंत्रें मुकीं होतात. म्हणून शेवटची पेटी पहिल्या पेटीला जोडून रांगेचें वलय करतात; एका बाजूनें वाट तुटली तरी दुसऱ्या बाजूनें संदेश जावा. परंतु यांत एक संकट दडलेलें आहे. कांहीं संदेश सर्वांसाठीं असतात, आणि असा संदेश प्रत्येक पेटी पुढच्या सर्व खांचांवर सोडते. वाट जर गोल असेल, तर तो संदेश फिरून पुन्हां त्याच पेटीकडे येतो, ती तो पुन्हां सर्वांना पाठवते, आणि क्षणांत संदेशांचें असें वादळ उठतें कीं, खऱ्या कामाच्या निरोपाला वाटच उरत नाहीं. या अडचणीवर १९८५ सालीं रेडिया पर्लमन या अमेरिकन विदुषीनें उपाय शोधला. सर्व पेट्यांनीं आपापसांत विचारविनिमय करून वलयांतील एक वाट बुद्ध्याच बंद ठेवावी, व दुसरीकडे कोठें तुटलें तरच ती उघडावी, असा तो उपाय आहे. आजच्या औद्योगिक वलयांत हें काम बहुधा एका पेटीकडे सोंपवलेलें असतें. तिला वलयाची रखवालदार म्हणतां येईल.

आतां बिघडलेली पेटी हीच रखवालदार असली, आणि तिच्या जागीं कोरी पेटी आणून वलयाचे दोन्ही तंतु तिच्यांत खोंचले, तर काय होईल? वाट बंद ठेवणारें कोणीच उरत नाहीं आणि वादळ उठतें. उलट, साध्या पेटीच्या जागीं बसवलेल्या नव्या पेटीला चुकून रखवालदार केलें, तर एका वलयाला दोन रखवालदार होतात व दोघांच्या कारभारांत विसंवाद माजतो. दुसऱ्या कंपनीची पेटी स्वस्त मिळाली म्हणून आणली, तर तिला या वलयाची भाषाच येत नसण्याचा संभव असतो. कारण कांहीं कंपन्यांनीं वलयाचे नियम आपापले खासगी ठेवलेले आहेत.

काळाचा हिशेबही येथें निर्णायक ठरतो. पर्लमनबाईंच्या मूळ पद्धतींत तुटलेली वाट सोडून दुसरी उघडण्यास साधारण ३० ते ५० सेकंद लागत. कचेरींतील टंकलेखनास तेवढा विलंब जाणवणारही नाहीं. परंतु सेकंदास १५ मीटर धांवणारी सळई ३० सेकंदांत ४५० मीटर पुढें गेलेली असते. पुढें २००१ सालीं ही पद्धत सुधारून वेगवान करण्यांत आली. आणि औद्योगिक वलयांसाठीं ठरलेल्या एका आंतरराष्ट्रीय नियमांत पन्नास पेट्यांच्या वलयाला सावरण्यास सेकंदाचा पांचवा हिस्सा एवढीच मुदत दिलेली आहे. तेवढ्यांत सळई तीन मीटर जाते. दोन्ही पद्धती नव्या पेटींत असूं शकतात. दोन्हींत दिवे सारखेच हिरवे दिसतात. कोणती चालू केली आहे, हें वाट प्रत्यक्ष तुटेपर्यंत कळत नाहीं. ड्राइव्हनें नियंत्रकाच्या निरोपाची किती वेळ वाट पाहावी आणि तो न आल्यास थांबावें कीं जुन्या वेगानें फिरत राहावें, हेंही आधीं ठरवून ठेवलेलें असतें. वलयाची मुदत या धीराहून मोठी झाली, तर एक ड्राइव्ह थांबतो, शेजारचा चालू राहतो, आणि मघां वर्णिलेला उसळत्या पोलादाचा प्रसंग ओढवतो.

दुसरी एक चूक याहून फसवी असते, कारण ती लगेच दिसत नाहीं. कित्येक नियंत्रक आपलें बोलणें एकाला उद्देशून न करतां एका गटाला उद्देशून करतात. जुनी पेटी त्या गटांत कोण कोण आहे हें हेरून तेवढ्यांनाच तें ऐकवी. नवींत तेवढी एक गोष्ट लिहावयाची राहिली, तर ती तें बोलणें सर्वांच्याच कानांत ओतूं लागते. मोठीं यंत्रें तें सहन करतात. लहान यंत्रांची बुद्धि थोडी असल्यामुळें नको असलेलें टपाल वाचण्यांतच तीं दमून जातात. कारखाना पहिल्या दिवशीं उत्तम चालतो. मग कांहीं दिवसांनीं एखादा पंप मधूनच थांबतो, एखादी मोटर उत्तर देईनाशी होते, आणि दोष पंपांत किंवा मोटरींत शोधला जातो.

ही शंका पोकळ नाहीं. अमेरिकेंतील अलाबामा संस्थानांत ब्राउन्स फेरी नांवाचें अणुविद्युत् केंद्र आहे. १९ ऑगस्ट २००६ रोजीं तेथील तिसऱ्या अणुभट्टींत पाणी खेळवणारे दोन्ही पंप एकाएकीं थांबले आणि कर्मचाऱ्यांना अणुभट्टी हातानें बंद करावी लागली. तपास केल्यावर निष्पन्न झालें तें असें कीं, जाळ्यांत संदेशांची अतोनात गर्दी झाली होती आणि पंपांच्या वेगाचें नियमन करणारे नियंत्रक त्या गर्दीनें बधिर झाले होते. पंप निर्दोष होते. इजा कोणाला झाली नाहीं. पण जाळ्यांतली नुसती गर्दी केवढें यंत्र थांबवूं शकते, हा धडा अमेरिकेच्या अणुनियामक मंडळानें पुढच्या वर्षीं इतर केंद्रांनाही कळवला.

तिसरी गोष्ट कप्प्यांची. एकाच पेटीवर मिलचे ड्राइव्हही असतात आणि कचेरींतील हिशेबाचे संगणकही असूं शकतात. नीट लिहिलेल्या सेटिंगनें पेटीच्या आंत न दिसणाऱ्या भिंती उभ्या राहतात आणि एका कप्प्यांतलें बोलणें दुसऱ्यांत जात नाहीं. कोऱ्या पेटींत या भिंती नसतात; तिचें सारें घर म्हणजे एकच दिवाणखाना. जर्मनीच्या शासकीय माहिती-सुरक्षा कार्यालयानें आपल्या २०१४ सालच्या अहवालांत एका पोलाद कारखान्याची हकीकत दिली आहे. कारखान्याचें नांव त्यांत नाहीं. चोरांनीं फसव्या पत्रांच्या द्वारें प्रथम कचेरीच्या जाळ्यांत प्रवेश मिळवला; तेथून ते उत्पादनाच्या जाळ्यांत उतरले; नियंत्रण यंत्रणा एकेक करून निकामी झाली आणि भट्टी रीतसर बंद करतां न आल्यानें मोठें नुकसान झालें. कचेरी आणि भट्टी यांमधील भिंत कशासाठीं लागते, हें त्या एका उदाहरणावरून कळावें. तीच गोष्ट परवलीच्या शब्दाची. पुष्कळ पेट्या कारखान्यांतून निघतांना सर्वांना ठाऊक असलेला एकच शब्द घेऊन येतात. तो त्याच दिवशीं बदलला नाहीं, तर भिंत बांधून दार उघडें ठेवल्यासारखें होतें.

कांचतंतूंच्याही कांहीं खोडी आहेत. हे तंतु दोन जातींचे असतात. एकांतला प्रकाशाचा मार्ग मीटरच्या दशलक्षांश भागाच्या मापानें पन्नास किंवा त्याहून किंचित् अधिक रुंद असतो. दुसऱ्यांतला सुमारें नऊ, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या कित्येक पट लहान. पेटींत बसवावयाचा प्रकाशाचा खुंटा तंतूच्या जातीचाच असावा लागतो. विजोड जोडी कधीं मुळींच चालत नाहीं, आणि कधीं अर्धवट चालून अधिक घोटाळा करते. नऊ मापाच्या वाटेवर धुळीचा एक कण बसला, तरी प्रकाश अडतो. आणि मिलमध्यें धुळीस तोटा नाहीं. म्हणून तंतूचें टोंक प्रत्येक वेळीं त्यासाठींच केलेल्या साधनानें पुसावें लागतें, सदऱ्याच्या बाहीनें नव्हे. जाण्याचा तंतु निराळा व येण्याचा निराळा असतो. त्यांची अदलाबदल झाली तर दिवा लागत नाहीं. यांतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाहीं, म्हणून टोंक डोळ्यासमोर धरून पाहण्याचा मोह नव्या उमेदवारानें कटाक्षानें टाळावा. न दिसणारा प्रकाशही डोळ्याला अपाय करूं शकतो.

मग पेटी बदलण्याची योग्य रीत कोणती? तिचा आरंभ पेटी बिघडल्यावर होत नाहीं. ती चांगली चालूं असतांनाच होतो. चालत्या पेटीचें सर्व लेखन उतरवून त्याची एक प्रत संगणकांत व एक प्रत संगणकाबाहेर जपून ठेवावी. कांहीं पेट्यांत हें लेखन काढतां-घालतां येणाऱ्या लहानशा पत्त्यावर उतरतें. तो पत्ता नव्या पेटींत घातला कीं ती जुनीचें सर्व ज्ञान घेते. परंतु नवी पेटी त्याच जातीची असली, आणि तिच्या अंगच्या आज्ञावलीची आवृत्ति जुळती असली, तरच. प्रत्येक तंतूला दोन्ही टोंकांस चिठ्ठी बांधावी आणि कोणता तंतु कोठून कोठें जातो याचा नकाशा कपाटाच्या दाराच्या आंतल्या बाजूस लावावा.

नवी पेटी आली कीं ती थेट कपाटांत न नेतां प्रथम टेबलावर मांडावी. तेथें तिला पत्ता, कप्पे, वलयांतील भूमिका, गटांची ओळख, घड्याळ व परवलीचा शब्द द्यावा, आणि लिहिलेलें पुन्हां वाचून जुन्या प्रतीशीं ओळीनें ताडून पाहावें. बदलण्याचें काम मिल रिकामी असतांना, मार्गांत एकही तापलेला बिलेट नसतांना करावें. वलयाचे दोन तंतु एकदम जोडूं नयेत. आधीं एक जोडून पेटी बोलते आहे अशी खात्री करावी, मग दुसरा जोडावा. पेटी चालूं झाली कीं शेजारच्या ड्राइव्हकडून प्रत्यक्ष वेगाचे आंकडे येतात कीं नाहीं हें एकेक करून पाहावें. यानंतरची परीक्षा बहुतेक ठिकाणीं टाळली जाते. मिल रिकामी फिरत असतांना वलयाचा एक तंतु जाणूनबुजून काढावा आणि एकही ड्राइव्ह थांबत नाहीं ना, हें घड्याळ लावून पाहावें. ही परीक्षा आपण होऊन घेतली नाहीं, तर ती पुढें केव्हां तरी लाल सळई धांवत असतांना आपोआप होते. आणीबाणीचें लाल बटण मात्र या जाळ्याच्या भरंवशावर कधीं सोडूं नये; त्याची वाट स्वतंत्र, किंवा सुरक्षेसाठींच मुद्दाम घडवलेली असली पाहिजे, आणि पेटी बदलल्यावर तें दाबून पाहिल्याशिवाय पहिला बिलेट आंत घेऊं नये.

ही रीत अवघड नाहीं; तिला वेळ लागतो, आणि अडचण तेथेंच आहे. भट्टी तापलेली असते, विजेचा आकार चालूं असतो, मालमोटारी दारांत उभ्या असतात. अशा वेळीं मालकाला बंद मिलचा प्रत्येक तास दिसतो आणि पेटीजवळ बसलेल्या तंत्रज्ञाला पाठीमागून एकच प्रश्न ऐकूं येतो : "किती वेळ?" हा प्रश्न गैर नाहीं, बंद मिलवर कामगाराचेंही पोट भरत नाहीं. परंतु त्या घाईंत सर्वांत आधीं गळतें तें लिहिणें, आणि त्यानंतर गळते ती परीक्षा. दिवे हिरवे झाले कीं काम संपलें, असें मानण्याचा मोह दोघांनाही होतो.

यांत आणखी एक दुखणें आहे. जाळें उभारणारा अभियंता पुष्कळदां बाहेरगांवचा असतो. यंत्रें बसवून, चालूं करून तो परत जातो आणि सेटिंगची प्रत त्याच्याच संगणकांत राहते. पुढें तो नोकरी बदलतो, त्याची कंपनी दुसरींत विलीन होते, आणि मध्यरात्रीं पेटी बंद पडते तेव्हां मिलमध्यें असलेल्या माणसाजवळ नवी पेटी असते, पण ती काय होती हें सांगणारें कोणी नसतें. मग तो हिरवे दिवे लागेपर्यंत तंतु इकडून तिकडे खोंचून पाहतो. त्याला दोष देणें सोपें आहे. परंतु ज्ञान त्याच्या हातीं कधीं दिलेंच गेलें नव्हतें. म्हणून यंत्रणा विकत घेतांना तिच्या सेटिंगची प्रत, नकाशा आणि परवलीचे शब्द कारखान्याच्या स्वाधीन करावे, अशी अट करारांतच घातली पाहिजे. आणि हीं कागदपत्रें मालकाच्या तिजोरींत नव्हे, तर रात्रपाळीच्या तंत्रज्ञाला जबाबदारीनें उघडतां येईल अशा कपाटांत असलीं पाहिजेत.

जालन्याच्या व्यापाऱ्यांना हें नवें वाटूं नये. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनीं आपल्या पेढ्या कीर्दखतावणीच्या जोरावर चालवल्या. मुनीम आजारी पडला तरी पेढी बंद पडत नसे, कारण कोणाचें देणें, कोणाचें येणें हें मुनीमाच्या डोक्यांतच नव्हे, तर वहींतही असे; आणि दिवाळीला त्या वहीची पूजा होई. पोलादाच्या मिलला तशीच एक वही हवी. तींत प्रत्येक पेटीचें नांव, तिची जागा, तिचा पत्ता, वलयांतलें तिचें काम, ती शेवटीं कधीं बदलली, कोणीं बदलली आणि बदलल्यावर काय काय तपासलें, एवढें लिहिलेलें असलें म्हणजे पुरे. तंत्रनिकेतनांतून व आय. टी. आय. मधून बाहेर पडणाऱ्या जालना जिल्ह्यांतील मुलांना ती वही वाचतां आणि लिहितां येऊं लागली, तर मध्यरात्रीं बाहेरगांवच्या माणसाला फोन लावून ताटकळत बसण्याची पाळी पुष्कळ अंशीं टळेल.

रात्रपाळीला जाणारा कामगार घरांतून निघतो तेव्हां घरच्या माणसांना त्या पेटीचें नांवही ठाऊक नसतें. तो ज्या स्टँडजवळ उभा राहणार असतो त्याचा वेग कोणत्या तंतूवरून येतो, हें त्यालाही बहुधा ठाऊक नसतें, आणि ठाऊक असण्याची गरजही नाहीं. परंतु कारखान्यांत कोणाला तरी तें नेमकें ठाऊक असलें पाहिजे, आणि तें लिहून ठेवलेलें असलें पाहिजे. पेटी बदलली त्या दिवशीं अर्धा दिवस मिल अधिक बंद राहिली आणि वहींत एक पान भरलें, तर त्या कामगाराच्या सुखरूप परतण्याच्या मानानें हा खर्च थोडा आहे.